उभी ट्रॉली खरोखर उभी असते का?

विद्यार्थी मित्रांनो, न्यूटनचा पहिला नियम तुम्हांला पाठ असेल. बाहेरून बल लागू झाले नाही, तर स्थिर वस्तू स्थिरच राहते. परीक्षेत हा नियम लिहून पुरे गुण मिळवणारे वर्गात पुष्कळ असतात. पण शाळेतून घरी जाताना रस्त्याच्या कडेला उसाने भरलेली ट्रॉली दिसली, की आपण नियमाचा उत्तरार्ध तेवढा लक्षात ठेवतो. ट्रॉली स्थिर आहे, म्हणजे ती स्थिरच राहणार, असे गृहीत धरतो. तिच्या सावलीत बसतो, तिच्या दांडीवर झोके घेतो, चाकाला पाठ टेकून डबा खातो.

नियमाचा पूर्वार्ध काय सांगतो? 'बाहेरून बल लागू झाले नाही, तर'. उतारावरच्या ट्रॉलीवर बल लागू झालेले असतेच, आणि ते दिवसरात्र असते. तरीही ती उभी आहे, याचा अर्थ कोणीतरी तिला धरून ठेवले आहे. ते कोणी धरले आहे आणि किती वेळ धरता येईल, हा प्रश्न विचारण्याची सवय आपल्याला नाही. ती लागली पाहिजे, हे सांगण्यासाठी हा लेख आहे. गाडी थांबवणे हे एक काम आणि थांबलेली गाडी तशीच ठेवणे हे दुसरे काम. पहिल्याबद्दल आपण फार बोलतो. दुसरे आपण वाटेत सापडलेल्या एका दगडावर सोपवून मोकळे होतो.

ट्रॉलीचाच प्रश्न का घ्यायचा? मोटार उभी केली तर तिला हाताचा ब्रेक असतो, गिअर असतो, दाराला कुलूप असते. ट्रॅक्टरपासून सोडलेल्या ट्रॉलीजवळ यांतले काय असते? इंजिन नाही, त्यामुळे गिअर नाही. पुष्कळ ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेकही नसतो. दार नाही, किल्ली नाही. ती ट्रॅक्टरला जोडलेली असते तोवर ट्रॅक्टरचा ब्रेक तिला धरतो. पिन काढली, की तिला धरणारे कोणी उरत नाही. मागून दुसरा ट्रॅक्टर आला, त्याने पिन अडकवली, की ती त्याच्यामागे मुकाट्याने जाते. म्हणजे सुटी ट्रॉली दोन प्रकारे जाऊ शकते : स्वतःहून उताराने, किंवा चोराबरोबर.

ज्या देशांत लोक हौसेने छोट्या यांत्रिक होड्या बाळगतात, तेथे होडी वाहून नेणाऱ्या दुचाकी ट्रेलरची हीच अडचण असते. होडी पाण्यात सोडायची म्हणजे ट्रेलर पाण्याकडे उतरणाऱ्या धक्क्यावर न्यावा लागतो, आणि तो धक्का उताराचाच असतो. खारे पाणी ब्रेकच्या भागांत शिरून ते गंजतात. म्हणून तेथील जाणते लोक चाकाला पाचर आणि जोडणीच्या कडीला कुलूप या दोन गोष्टी ट्रेलरबरोबरच बाळगतात. होडी असो की ऊस, सुट्या ट्रेलरचे शास्त्र एकच.

आता थोडा हिशेब करू या. समजा, उसासकट ट्रॉलीचे वजन १० टन आहे आणि रस्त्याचा उतार २० मीटरला १ मीटर आहे. असा उतार डोळ्यांना फारसा जाणवतही नाही. उताराच्या दिशेने ट्रॉलीला ओढणारे बल तिच्या वजनाच्या विसाव्या भागाइतके, म्हणजे ५०० किलोग्रॅम वजनाइतके असते. हवा भरलेले टायर डांबरी रस्त्यावर फिरताना जो रोध होतो, तो वजनाच्या सुमारे दीड टक्का धरू. म्हणजे १५० किलोग्रॅम. वजाबाकी केली की ३५० उरतात. हे ३५० किलोग्रॅमचे बल कोणीतरी अडवून धरायला हवे.

अडवले नाही तर काय होईल? त्वरण काढा. ते दर सेकंदाला सेकंदास सुमारे ०.३४ मीटर येते. पहिल्या सेकंदात ट्रॉली जेमतेम १७ सेंटिमीटर सरकेल. येथेच माणूस फसतो. 'अरे, हळूच तर चालली आहे', असे म्हणून तो पुढे होऊन तिला खांदा लावतो. एक धट्टाकट्टा माणूस फार तर ५० किलोग्रॅमचा रेटा देऊ शकतो असे धरले, तर तिला नुसते तोलून धरायलाच सात माणसे हवीत, आणि तीही अगदी पहिल्या क्षणापासून. दहा सेकंदांनी ट्रॉली १७ मीटर पुढे गेलेली असते आणि तिचा वेग ताशी १२ किलोमीटर झालेला असतो. सायकलचाच वेग, असे म्हणाल. पण दहा टनांचे संवेग धरा. एक टनाची मोटार ताशी १२० किलोमीटर वेगाने धावत असताना तिचे जेवढे संवेग, तेवढेच या संथ ट्रॉलीचे. म्हणून निसटलेल्या ट्रॉलीच्या पुढे कधीही उभे राहू नये. ओरडा, लोकांना बाजूला करा, पण ती अडवायला जाऊ नका. ती अडवण्याची वेळ निघून गेलेली असते. ती वेळ पिन काढण्यापूर्वीची होती.

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट निघते. उतार १०० मीटरला १ मीटर असेल, तर ओढणारे बल १०० किलोग्रॅम आणि रोध १५० किलोग्रॅम. ट्रॉली आपली आपण उभी राहील. शेतातल्या भुसभुशीत मातीत रोध कितीतरी जास्त असतो, त्यामुळे तेथे ती याहून चढ्या उतारावरही हलत नाही. 'आमची ट्रॉली इतकी वर्षे अशीच उभी राहते', असे शेतकरी म्हणतो ते खोटे नसते. पण ती मातीत उभी राहते म्हणून डांबरावरही राहील, असे मात्र नाही. जागा बदलली की हिशेब बदलतो.

मग चाकामागे दगड लावला की काम झाले का? दगड काहीच न लावण्यापेक्षा निश्चित बरा. पण त्याचे दोष समजून घ्या. चाक दगडाला दोन प्रकारे दाबते. थोडे खाली, जमिनीवर, आणि थोडे पुढे, उताराकडे. खालचा दाब दगडाला जागेवर ठेवतो, पुढचा रेटा त्याला ढकलतो. दगड उंच आणि उभट असेल, तर चाक त्याला वरच्या बाजूला टेकते. तेथे पुढचा रेटा जास्त आणि खालचा दाब कमी असतो. दगड घसरतो. तो गोल असेल तर चक्क चाकासारखा घरंगळतो. दगड फार लहान असेल तर चाक त्याच्यावर चढून पलीकडे जाते.

त्रिकोणमिती शिकलेल्यांनी हे आकड्यांत पाहावे. पाचरीचा उतरता पृष्ठभाग जमिनीशी जो कोन करतो, त्या कोनाचा 'टॅन' म्हणजे पुढच्या रेट्याचे खालच्या दाबाशी असलेले प्रमाण. कोन ४५ अंश असेल तर हे प्रमाण १ येते, ३५ अंशांना ०.७ आणि २० अंशांना ०.३६. कोरड्या डांबरावर रबराचा घर्षणांक ०.७ च्या आसपास असतो. म्हणजे ४५ अंशांची पाचर घसरण्याची भीती आहे, ३५ अंशांची, तळाला रबर लावलेली पाचर तग धरेल. २० अंशांची पाचर घसरणार नाही, पण ट्रॉली थोडी जरी हलत आली तरी चाक तिच्यावर सहज चढेल. योग्य पाचर या दोन टोकांच्या मध्ये असते. ती चाकाला अगदी भिडवून लावायची असते. मध्ये चार बोटांचे अंतर सोडले, तर तेवढ्या अंतरात ट्रॉली वेग घेते आणि पाचरीला स्थिर बलाऐवजी धक्का सोसावा लागतो.

पाचरीचे हे शास्त्र आपल्याकडे नवे नाही. कार्तिकी एकादशीला जळगावात श्रीरामाचा रथ निघतो. त्या उंच, जड लाकडी रथाला सुकाणू नाही की मोटारीसारखा ब्रेक नाही. त्याला थांबवतात आणि वळवतात ती मोगरी लावणारी माणसे. लांब दांड्याची लाकडी पाचर, म्हणजे मोगरी, ती नेमक्या क्षणी नेमक्या चाकाखाली सारतात. एका बाजूचे चाक अडले की रथ त्या बाजूला वळतो, दोन्ही बाजू अडल्या की थांबतो. हे काम कोणाही हौशी माणसाला देत नाहीत. सराव झालेल्या, जबाबदार माणसांनाच देतात. रथाच्या बाबतीत आपण इतके दक्ष असतो. मग रथाइतक्याच जड असलेल्या ट्रॉलीखाली हाताला येईल तो धोंडा का सारतो?

एका चाकाला एक पाचर लावली आणि आपण निर्धास्त झालो, असेही होऊ नये. कॅनडातील क्यूबेक प्रांतात लाक-मेगांतिक नावाचे एक छोटे गाव आहे. त्याच्यापासून सुमारे ११ किलोमीटरवर, १०० मीटरला सव्वा मीटरहून किंचित कमी अशा उतारावर, ५ जुलै २०१३ च्या रात्री खनिज तेलाच्या ७२ टाक्यांची एक आगगाडी उभी करण्यात आली. चालकाने ७ हात-ब्रेक आवळले. मग गाडी धरली जाते की नाही याची चाचणी घेतली. पण चाचणी घेताना इंजिनाचा हवेच्या दाबावर चालणारा ब्रेक लागलेलाच होता. गाडी हलली नाही. चालकाला वाटले, हात-ब्रेक पुरेसे आहेत. खरे तर तिला हवेचा ब्रेक धरून होता. रात्री त्या इंजिनाला आग लागली. ती विझवताना इंजिन बंद करण्यात आले. इंजिन बंद पडल्याने हवेचा दाब हळूहळू उतरत गेला, आणि मध्यरात्रीनंतर, ६ जुलैला, गाडी आपोआप चालू लागली. गावात शिरताना तिचा वेग ताशी १०० किलोमीटरच्या वर गेला होता. ती रुळांवरून घसरली, तेल पेटले आणि ४७ माणसे मृत्युमुखी पडली. कॅनडाच्या वाहतूक सुरक्षा मंडळाच्या तपासात आढळले, की त्या गाडीला किमान १७ हात-ब्रेक हवे होते.

आपल्या देशातही २५ फेब्रुवारी २०२४ रोजी जम्मूमधील कठुआ स्थानकावरून खडीने भरलेली एक मालगाडी चालकाशिवाय निघाली आणि ७० किलोमीटरहून अधिक धावत पंजाबात गेली. रुळांवर लाकडी ठोकळे आणि वाळूची पोती टाकून ती अखेर थांबवली. सुदैवाने कोणी दगावले नाही.

लाक-मेगांतिकच्या दुर्घटनेतून प्रयोगशाळेत शिकवावा असा धडा मिळतो. एखाद्या गोष्टीची परीक्षा घ्यायची, तर बाकीचे आधार काढून घेऊन ती घेतली पाहिजे. ट्रॉलीच्या बाबतीत हे अगदी सोपे आहे. ट्रॅक्टर जोडलेला असतानाच दोन्ही बाजूंच्या चाकांना उताराकडून मोगऱ्या लावा. मग ट्रॅक्टरचा ब्रेक हळूच सैल करा. ट्रॉली मोगऱ्यांवर रेलून स्थिर राहते का पाहा. राहिली, तरच ब्रेक पुन्हा लावून पिन काढा. ट्रॉली पुन्हा जोडताना उलटा क्रम : आधी पिन, नंतर ट्रॅक्टरचा ब्रेक, सर्वांत शेवटी मोगरी. या साऱ्याला दोन मिनिटे लागतात.

आता चोराकडे वळू. येथे एक गोंधळ टाळला पाहिजे. काही जण ट्रॉली झाडाला साखळीने बांधतात आणि समजतात, आता ती चोरीलाही जाणार नाही आणि घरंगळणारही नाही. पण ही दोन संकटे वेगळ्या स्वभावाची आहेत. गुरुत्वाकर्षण कधी झोपत नाही, पण त्याला युक्ती सुचत नाही. त्याच्यासाठी पुरेसे बळकट आणि योग्य आकाराचे साधन लावले, की ते वर्षभर तसेच अडून राहील. चोराला युक्ती सुचते, पण त्याच्याजवळ वेळ नसतो. जगातले कोणतेही कुलूप कधी ना कधी तुटते. त्याला तोडायला लागणारा वेळ आणि होणारा आवाज वाढवणे, एवढेच कुलपाचे काम असते. गुरुत्वाकर्षणापुढे बळ लागते आणि चोरापुढे विलंब लागतो. सैल साखळी ट्रॉलीला पहिले मीटरभर धावू देते आणि मग झटक्याने ताणली जाऊन तुटते. उलट, मोगरी कितीही भक्कम असली, तरी चोर ती पायाने बाजूला सारतो. म्हणून एकाने दुसऱ्याचे काम भागवू नये.

चोराला ट्रॉली नेण्यासाठी काय लागते, असा विचार केला की उपाय आपोआप सुचतात. त्याला दांडीची कडी मोकळी हवी. मग कडीतून जाड कुलूप घाला, म्हणजे त्याच्या हुकाची पिन आत जाणारच नाही. त्याला चाके फिरायला हवीत. मग चाकाच्या भोकातून आणि सांगाड्यातून साखळी ओवून ती जमिनीत पक्क्या रोवलेल्या खांबाला जखडा. साखळी जमिनीवर लोळू देऊ नका. जमिनीवर टेकवून घाव घालणे सोपे जाते. त्याला ट्रॅक्टर मागे लावायला जागा हवी. मग दांडी भिंतीकडे करून ट्रॉली उभी करा. आणि चोरलेली ट्रॉली त्याला विकायची असते. मग तिच्या सांगाड्यावरचा क्रमांक वहीत लिहून ठेवा, आणि तोच क्रमांक सहज न दिसणाऱ्या आणखी एका जागी कोरून ठेवा. रंग बदलता येतो, पण माहीत नसलेली खूण पुसता येत नाही.

यावर काही जण म्हणतील, एवढा खटाटोप कशाला? दगड फुकट मिळतो. मिळतो खरा. पण त्याची किंमत दुसराच कोणीतरी देतो. ट्रॉली किंवा ट्रक निघून जातो आणि दगड रस्त्यातच राहतो. रात्री मागून येणाऱ्या मोटारसायकलच्या दिव्यात तो दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. स्वतःची मोगरी असली, की माणूस ती उचलून बरोबर नेतो, कारण ती त्याची असते आणि उद्या पुन्हा लागणार असते. रस्त्यातला धोंडा कोणाचाच नसतो. एवढ्या एका कारणासाठीही मी मोगरीच्या बाजूने मत देईन.

आणखी कोणी म्हणेल, असा काही कायदा आहे का? आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे १२६ वे कलम सांगते, की सार्वजनिक जागी वाहन उभे करून जाताना यंत्र बंद करून ब्रेक लावला पाहिजे, किंवा चालकाच्या गैरहजेरीत ते वाहन चुकूनही चालू लागणार नाही अशी अन्य तजवीज केली पाहिजे. याच कायद्याच्या व्याख्येत मोटार वाहनात ट्रेलरही येतो. पण कायदा पुस्तकात असून भागत नाही. मोगरी ट्रॉलीच्या सांगाड्याला टांगलेली असली पाहिजे. माझे मत असे, की साखर कारखान्यांनी हंगामाच्या सुरुवातीला ट्रॉल्यांना मागचे लाल परावर्तक पट्टे लावताना दोन मोगऱ्याही तपासाव्यात. ट्रॉली विकणाऱ्यानेही त्या ट्रॉलीबरोबरच द्याव्यात. बाभळीच्या लाकडाचे दोन तुकडे आणि जुन्या टायरचा एक पट्टा, एवढ्यात त्या गावच्या सुताराकडे तयार होतात.

शिक्षकांना एक विनंती. हा धडा फळ्यावर संपवू नका. एक मीटर लांबीची सरळ पट्टी आणि पाण्याने जवळजवळ भरलेली, आतला बुडबुडा दिसेल अशी आडवी बाटली घेऊन मुलांना शाळेसमोरच्या रस्त्यावर न्या, पण रहदारी नसेल अशा वेळी. पट्टी उताराच्या दिशेने ठेवून तिचे खालचे टोक बुडबुडा मध्यभागी येईपर्यंत उचला. ५ सेंटिमीटर उचलावे लागले, तर उतार विसास एक. मग वर्गात येऊन फळीवर खेळण्यातली गाडी आणि २०, ३५ व ४५ अंशांच्या लाकडी पाचरी घेऊन पाहा, की कोणती घसरते आणि कोणतीवरून चाक चढते. घर्षणाचा हा धडा मुले विसरणार नाहीत.

आणि मुलांनो, तुम्हांला तीन गोष्टी. उभ्या ट्रॉलीच्या चाकाखालचा दगड वा मोगरी कधीही काढू नका, अगदी गंमत म्हणूनही. ट्रॉलीच्या उताराकडच्या बाजूला बसू किंवा खेळू नका. दुचाकी ट्रॉलीच्या मागच्या टोकावर घोळक्याने चढू नका, कारण वजन आसाच्या मागे गेले की तिची पुढची दांडी झटक्याने उचलली जाते आणि जवळ उभ्या असलेल्याला लागते.

घरी ट्रॅक्टर असेल, तर आज संध्याकाळी वडिलांना किंवा काकांना एवढेच विचारा : 'आपल्या ट्रॉलीला आत्ता कोण धरून आहे?' उत्तर 'एक दगड' असे आले, तर त्यांच्याबरोबर सुताराकडे जा.